स्मृतिध्वज, त्याचे कापड आणि आपला जुना प्रांत

राष्ट्राच्या आयुष्यात पंचवीस, पन्नास, पंचाहत्तर, शंभर असे टप्पे येतात, तेव्हा त्या प्रसंगाची काही दृश्य खूण मागे उरावी अशी इच्छा सर्वत्र आढळते. कॅनडाने १९६७ साली संघराज्याची शताब्दी साजरी केली, तेव्हा स्टुअर्ट ॲश या आरेखनकाराने अकरा समभुज त्रिकोणांतून मेपलचे एक पान रचले आणि ते त्या वर्षी देशभर झळकत राहिले. अमेरिकेने १९७६ मध्ये स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीसाठी ब्रूस ब्लॅकबर्न यांच्याकडून ताऱ्याचे एक चिन्ह करवून घेतले. पांढऱ्या कापडावर ते चिन्ह छापलेला द्विशताब्दीचा स्वतंत्र ध्वज ठिकठिकाणी मुख्य ध्वजाच्या शेजारी फडकत होता. असा स्मृतिध्वज म्हणजे त्या वर्षापुरता आलेला पाहुणाच म्हणावयाचा. वर्ष सरले की तो कपाटात जातो आणि पुढे संग्राहकाच्या हाती पडतो.

आपल्याकडे मात्र असा पाहुणा कधी आला नाही. आपल्या ध्वजसंहितेनुसार राष्ट्रध्वजावर कोणतेही अक्षर लिहिता येत नाही, आणि राष्ट्रीय मानचिन्हांच्या अवमानासंबंधीच्या १९७१ च्या कायद्याप्रमाणेही ध्वजावर मजकूर घालणे हा अवमानच ठरतो. रौप्यमहोत्सव असो, सुवर्णमहोत्सव असो वा अमृतमहोत्सव, तिरंग्यावर ना सन येतो ना घोषवाक्य. जो ध्वज २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने स्वीकारला, तोच प्रत्येक वर्धापनदिनी पुन्हा शिवला जातो. याचा एक परिणाम असा की, ध्वजाच्या बाबतीत आपल्यापुढे आरेखनाचा प्रश्नच उरत नाही. प्रश्न उरतो तो घडणीचा. ते कापड कोणी कातले, कोणी विणले, कोणी शिवले आणि कोणाच्या हातून ते आपल्या दारापर्यंत आले, एवढ्यातच काय ती त्या वर्षाची आठवण साठू शकते. बैहरच्या पठारावर पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या आपल्या मराठी घरांना हा घडणीचा इतिहास अगदी जवळचा आहे. परंतु तो जवळचा आहे याचेच विस्मरण झाले आहे, असे आम्हांस वाटते.

ध्वजावर अक्षरे असूच नयेत असे मुळापासून ठरलेले नव्हते. मादाम भिकाजी कामा यांनी २२ ऑगस्ट १९०७ रोजी जर्मनीतील स्टुटगार्टच्या समाजवादी परिषदेत जो ध्वज उभारला, त्याच्या मधल्या पट्ट्यावर ‘वंदे मातरम्’ ही अक्षरे देवनागरीत होती. पुढे इंदुलाल याज्ञिक यांनी तो ध्वज गुपचूप हिंदुस्थानात आणला आणि आज तो पुण्याच्या केसरी-मराठा ग्रंथालयात जपलेला आहे. पुण्यास जाणे झाले तर वाचकांनी तो अवश्य पाहावा. १९२१ च्या ध्वजात ही अक्षरे नाहीशी झाली आणि त्यांच्या जागी चरखा आला. १९४७ मध्ये चरख्याच्या जागी चक्र आले. प्रत्येक पावलागणिक ध्वज अधिकाधिक अबोल होत गेला.

बोलण्याची हौस मग टपालाच्या तिकिटावर आणि नाण्यावर भागवून घेण्यात आली. स्वतंत्र भारताचे पहिले तिकीट २१ नोव्हेंबर १९४७ रोजी निघाले. साडेतीन आण्यांच्या त्या तिकिटावर तिरंग्याचे चित्र आहे, ‘जय हिन्द’ आहे आणि १५ ऑगस्ट १९४७ ही तारीखही आहे. पण अक्षरे आणि तारीख ध्वजाच्या बाजूला, ध्वजावर नव्हेत. १९७२ साली रौप्यमहोत्सवाचे पन्नास पैशांचे नाणे निघाले, त्यावर संसदभवनाच्या पार्श्वभूमीवर ध्वज घेतलेले स्त्री-पुरुष आहेत. १९९७ च्या सुवर्णमहोत्सवी नाण्यावर तर ध्वजाऐवजी दांडीयात्राच अवतरली. आमच्या पिढीतील पुष्कळांच्या घरी ही नाणी अजून एखाद्या डबीत सापडतील.

ध्वजाच्या आरेखनाचा इतिहास आपल्या वाचकांना शालेय पुस्तकांतून ठाऊक असतोच, त्यामुळे तो येथे विस्ताराने सांगण्याचे प्रयोजन नाही. मात्र १९३१ च्या समितीविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत. कराचीच्या काँग्रेसने नेमलेल्या या सात जणांच्या समितीत दोन नावे मराठी वाचकास ओळखीची वाटतील. एक काका कालेलकर आणि दुसरे हुबळीचे डॉ. नारायण सुब्बाराव हर्डीकर. जुन्या ध्वजातील रंगांचा निरनिराळ्या धर्मांशी संबंध जोडला जात होता आणि त्यावरून कुरबुरी वाढत होत्या. म्हणून समितीने सबंध ध्वज एकाच केशरी रंगाचा ठेवून त्यावर फक्त चरखा असावा अशी शिफारस केली. अखिल भारतीय काँग्रेस समितीने ती मानली नाही. केशरी, पांढरा आणि हिरवा हा क्रम त्याच वर्षी ठरला आणि रंगांना धार्मिक अर्थ नाही असेही स्पष्ट करण्यात आले. १९४७ च्या ध्वज समितीचे अध्यक्ष राजेंद्रप्रसाद होते आणि डॉ. आंबेडकर तिचे एक सदस्य होते. चरखा जाऊन चक्र येण्यामागे जे एक कारण नेहरूंनी सभेत सांगितले ते निव्वळ शिवणकामाचे आहे: चरखा एका अंगाने पाहिला तर सरळ आणि दुसऱ्या अंगाने उलटा दिसतो, चक्र दोन्हीकडून सारखेच दिसते. चरखा गेल्याची खंत गांधीजींनी उघडपणे बोलून दाखवली होती. त्या दिवशी सभेपुढे दोन ध्वज मांडण्यात आले होते, एक रेशमी आणि एक सुती खादीचा. रेशीम की खादी हा प्रश्न अशा रीतीने जन्मापासूनच ध्वजाच्या सोबत आहे. पॉलिएस्टरचा तिसरा पर्याय यायला मात्र चौऱ्याहत्तर वर्षे लागली.

आता नागपूरकडे वळू. १९२३ साली आपला बालाघाट जिल्हा मध्यप्रांतात होता आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. शतकाच्या आरंभी तर हा जिल्हा नागपूर विभागातच मोडत असे. १८६७ मध्ये भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे तुकडे जोडून तो बनवण्यात आला. कर्नल ब्लूमफील्ड यांच्या काळात वैनगंगेच्या खोऱ्यातील पोवार घाट चढून बैहर-परसवाड्याच्या पठारावर वस्तीस आले. त्यांच्या मागून शेतकरी, कारकून, शिक्षक, दुकानदार अशी मराठी घरेही आली. कचेरी, कोर्ट, शिक्षण, सोयरीक, बाजार या सगळ्यांसाठी आपल्या आजोबा-पणजोबांची तोंडे नागपूरकडे असत. त्यामुळे १९२३ चा झेंडा सत्याग्रह ही आपल्या लेखी दूरच्या कोणा शहरातील घटना नव्हती, ती आपल्या राजधानीतील घटना होती.

ठिणगी पडली जबलपुरास. त्या वर्षी मार्च महिन्यात जबलपूरच्या नगरपालिकेच्या इमारतीवर काँग्रेसचा झेंडा उभारण्यावरून सरकार आणि कार्यकर्ते यांच्यात संघर्ष झाला. पंडित सुंदरलाल त्यात अग्रभागी होते आणि कवयित्री सुभद्राकुमारी चौहान याही त्यात होत्या. लवकरच लोण नागपुरास पोहोचले. १३ एप्रिलला जालियनवाला बागेच्या स्मृतिदिनी झेंडा घेऊन निघालेली मिरवणूक पोलिसांनी सिव्हिल लाइन्सच्या वाटेवर अडवली. साहेबांच्या वस्तीतून हा झेंडा जाता कामा नये, एवढाच मुद्दा होता. १ मेपासून जमनालाल बजाज यांच्या नेतृत्वाखाली रीतसर सत्याग्रह सुरू झाला. रोज एक तुकडी हाती झेंडे घेऊन निघे, बंदी असलेल्या हद्दीपाशी पोहोचे आणि पकडली जाई. दुसऱ्या दिवशी दुसरी तुकडी निघे. गुजरात, कर्नाटक, बिहार, तामिळ मुलूख, जेथून तेथून स्वयंसेवक नागपूरच्या गाड्या धरू लागले. अटक झालेल्यांची संख्या दीड हजारांच्या वर गेली. विनोबाही पकडले गेले आणि नागपूर व अकोला येथील तुरुंगांत राहिले. गांधीजी स्वतः तेव्हा येरवड्यास बंदिवासात होते, म्हणजे हा सत्याग्रह त्यांच्या गैरहजेरीत लढला गेला.

जमनालालजींना अठरा महिन्यांची शिक्षा आणि तीन हजार रुपये दंड झाला. दंडवसुलीसाठी त्यांची मोटार जप्त करण्यात आली, पण नागपूर-वर्ध्याच्या बाजूस तिला गिऱ्हाईक मिळेना. लिलावात बोली न लावणे हाही सत्याग्रहच म्हणावयाचा, आणि तो करणाऱ्यांची नावे कोणत्याच यादीत नाहीत. नेते तुरुंगात गेल्यावर वल्लभभाई पटेल नागपुरास आले आणि त्यांनी सूत्रे हाती घेतली. अखेर १८ ऑगस्ट १९२३ रोजी माखनलाल चतुर्वेदी यांच्या नेतृत्वाखाली शंभर स्वयंसेवकांची मिरवणूक झेंडे उंचावून सिव्हिल लाइन्समधून निघाली आणि तिला कोणी अडवले नाही. ती परवानगी मागून निघाली की नुसती सूचना देऊन, याबद्दल सरकार आणि सत्याग्रही यांनी नंतर परस्परविरुद्ध विधाने केली. हा वाद आम्हांस फारसा महत्त्वाचा वाटत नाही. झेंडा त्या रस्त्याने गेला, आणि पुढच्या काही दिवसांत कैदी सुटू लागले.

येथे एका गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. नागपूरचा तो झेंडा आजचा तिरंगा नव्हता. वर पांढरा, मध्ये हिरवा आणि खाली लाल असे त्याचे पट्टे होते आणि मध्यभागी चरखा होता. त्याला ठरावीक माप नव्हते, रंगाची छटा ठरलेली नव्हती, मानक नावाची वस्तूच तेव्हा नव्हती. शताब्दीच्या निमित्ताने २०२३ मध्ये कोणी त्या सत्याग्रहाचे चित्र काढले असेल आणि त्यात आजचा ध्वज रंगवला असेल, तर तो इतिहासाचा विपर्यास होय. खरा स्मृतिध्वज करावयाचा असता तर तो १९२३ च्या त्या पांढऱ्या-हिरव्या-लाल झेंड्याची जाड्याभरड्या खादीतील प्रत करूनच करता आला असता. राष्ट्रध्वजाला हात न लावता वर्धापनाची खूण उभारण्याचा तो एक निर्दोष मार्ग होता. तो कोणाला सुचला नाही याचे आम्हांस वाईट वाटते.

नागपूरच्या तुरुंगातून एक धागा निघाला तो थेट हुबळीस पोहोचला. डॉ. हर्डीकर यांच्या हुबळी सेवा मंडळाचे स्वयंसेवक या सत्याग्रहात तुरुंगात गेले होते. तेथील हाल सोसूनही त्यांनी माफीपत्र लिहून देण्याचे नाकारले, आणि त्यांच्या या शिस्तीचा बोलबाला झाला. त्याच वर्षी डिसेंबरात काकीनाडा येथील काँग्रेस अधिवेशनात स्वयंसेवकांची अखिल भारतीय संघटना उभारण्याचे ठरले. तीच पुढे हर्डीकरांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानी सेवा दल झाली. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी झेंडावंदन करण्याची रीत या दलाने गावोगाव नेली. झेंडा कसा बांधावा, कसा उभारावा, कसा उतरवून घडी घालावा, हे आज शाळेतील मुलांना सहज येते. ते वळण लावण्याचे श्रेय बऱ्याच अंशी या दलाकडे जाते.

त्याच हुबळीच्या बेंगेरी भागात १९५७ साली कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघ स्थापन झाला, आणि या शतकाच्या पहिल्या दशकात भारतीय मानक ब्यूरोच्या परवान्याने तेथे राष्ट्रध्वज तयार होऊ लागले. सत्याग्रहातील हुबळी आणि ध्वजाची हुबळी यांचा कार्यकारणसंबंध जोडणे अतिशयोक्तीचे ठरेल. खादीची परंपरा त्या भागात होती म्हणून काम तेथे गेले, एवढेच म्हणता येते. परंतु ज्या गावच्या पोरांनी झेंड्यासाठी आपल्या राजधानीच्या तुरुंगात दिवस काढले, त्याच गावी झेंडा शिवला जावा यात आम्हांस काही औचित्य दिसते.

ध्वज बनवणे हे वाटते तितके सोपे काम नाही. भारतीय मानक संस्थेने जी हजारो मानके पुढे तयार केली त्यांतील क्रमांक एकचे मानक राष्ट्रध्वजाचे आहे, १९५१ सालचे. पुढे दशमान पद्धत आल्यावर १९६४ आणि १९६८ साली त्यात सुधारणा झाल्या. लांबी-रुंदीचे प्रमाण तीनास दोन. मापे नऊ, सर्वांत मोठे ६३०० बाय ४२०० मिलिमीटर आणि सर्वांत लहान १५० बाय १००, जे मेजावर ठेवतात. मोटारीवर लावण्याचे माप २२५ बाय १५०. कापड दोन प्रकारचे लागते: ध्वजाच्या अंगासाठी पातळ विणीची खादी, आणि काठीच्या बाजूस दोरी ओवण्याच्या पट्टीसाठी जाड, मजबूत खादी. ही दुसरी वीण अवघड असते आणि ती विणू शकणारे हात देशात थोडे आहेत. हुबळीच्या ध्वजासाठीचे सूत आणि कापड बागलकोट जिल्ह्यातून येते. मग धुलाई, रंगाई, चक्राची छपाई, शिलाई आणि शेवटी दोरी व लाकडी खुंटी. चक्राचे चोवीस आरे दोन्ही अंगांनी तंतोतंत एकमेकांवर यावे लागतात. येथेच बहुतेक कारागिरांची कसोटी लागते. रंग उन्हात व पाण्यात टिकतो की नाही, धाग्यांची संख्या बरोबर आहे की नाही, हे तपासूनच माल बाहेर पडतो. या कामावर बहुतांशी स्त्रिया आहेत.

मराठी मुलखातही ध्वज होतो. नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती त्यासाठी प्रसिद्ध आहे. १९४७ च्या ऑगस्टात निजामी राज्यात तिरंगा उभारणे हा गुन्हा होता, आणि त्याच मराठवाड्यातून आज तिरंगा बाहेरगावी जातो. आपल्या मध्य प्रदेशात ग्वाल्हेरचा मध्य भारत खादी संघ हे काम करतो. बैहरहून पाहता ग्वाल्हेर काय आणि हुबळी काय, दोन्ही सारखीच दूर.

दूर असण्याचे दुःख नाही. आपल्या जिल्ह्यात माग नाही असे असते तर गोष्ट वेगळी. पण वैनगंगेच्या खोऱ्यात वारासिवनीच्या बाजूस कोष्टी समाजाचे माग आजही चालतात. तेथील साडीला आणि कापडाला २०२३ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. आणि आपल्या पठारावर, मंडल्याच्या सीमेपर्यंत, गोंड-बैगा घरांना लागणारे जाडेभरडे लुगडे पनका विणकर विणत आले. तेव्हा विणण्याचे हात आपल्याकडे होते आणि काही अंशी आहेत. अडचण अशी की हातमागाचे कापड आणि खादी या दोन वस्तू वेगळ्या. खादीला सूतसुद्धा हातानेच कातलेले लागते, आणि मागावर मात्र गिरणीचे सूत चढत गेले. त्यामुळे ध्वजाच्या कापडासाठी आपले माग कधी पात्रच ठरले नाहीत.

दुसरी अडचण नकाशाची. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले, आपण मध्य प्रदेशात राहिलो, राजधानी भोपाळ झाली. आपल्या घरांतील मुले हिंदी शाळांतून शिकू लागली, झेंडावंदनाचे झंडावंदन झाले. यात कोणाचा दोष नाही आणि या भूमीने आपल्याला काही कमी केलेले नाही. परंतु इतिहासाची मात्र फाळणी झाली. एकच सत्याग्रह होता. त्याचे जबलपूरचे पान मध्य प्रदेशाच्या पुस्तकात गेले आणि नागपूरचे पान महाराष्ट्राच्या. सुभद्राकुमारींची गोष्ट या बाबतीत बोलकी आहे. नागपूरच्या सत्याग्रहात अटक झालेल्या पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते, आणि १५ फेब्रुवारी १९४८ रोजी नागपूरहून जबलपुरास परतताना शिवनीजवळ मोटार अपघातात त्यांचा अंत झाला. त्यांच्या लेखी नागपूर-जबलपूर हा एकाच प्रांतातील रोजचा रस्ता होता. आज त्या रस्त्यावर राज्याची सीमा लागते. बालाघाटचे मराठी मूल त्यांना झाशीच्या राणीवरील कवितेमुळे ओळखते, झेंड्यामुळे नव्हे.

स्वतंत्र भारतात सामान्य नागरिकाला आपल्या घरावर ध्वज लावण्याची मोकळीक बराच काळ नव्हती. स्वातंत्र्यदिन, प्रजासत्ताकदिन, गांधीजयंती, एप्रिलातील राष्ट्रीय सप्ताह असे मोजकेच दिवस त्यासाठी होते. ही बंधने सैल होण्याचा आरंभही आपल्याच जुन्या मध्य प्रदेशात झाला. रायगढ येथे (शिवरायांचा रायगड नव्हे, आता छत्तीसगढात असलेले रायगढ) एका कारखान्यावर उद्योगपती नवीन जिंदल रोज ध्वज लावत, त्यास अधिकाऱ्यांनी हरकत घेतली आणि प्रकरण न्यायालयात गेले. दिल्ली उच्च न्यायालयाने १९९५ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला. २६ जानेवारी २००२ पासून नवी ध्वजसंहिता लागू झाली, आणि २३ जानेवारी २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सन्मानपूर्वक ध्वज लावण्याचा नागरिकाचा हक्क अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग म्हणून मान्य केला. १९२३ च्या हद्दीचा प्रश्न अशा प्रकारे एक्याऐंशी वर्षांनी पुरता निकालात निघाला. पण कापडाची अट तेव्हाही कायम होती: हाताने कातलेली, हाताने विणलेली खादी.

ती अट सैल झाली ३० डिसेंबर २०२१ रोजी. संहितेत दुरुस्ती होऊन यंत्रावर बनलेला आणि पॉलिएस्टरचाही ध्वज चालेल असे ठरले. पुढच्या जुलैमध्ये रात्रीही ध्वज ठेवण्यास मुभा मिळाली. निमित्त अमृतमहोत्सवाचे होते. (हा शब्द मराठी माणसास नवा नव्हता, आपण लेखकांचे आणि संस्थांचे अमृतमहोत्सव कितीतरी आधीपासून साजरे करीत आलो.) १३ ते १५ ऑगस्ट २०२२ या तीन दिवसांत घरोघरी तिरंगा लावण्याचे आवाहन झाले, आणि टपाल कचेऱ्यांतून वीस बाय तीस इंची ध्वज पंचवीस रुपयांस मिळू लागला. हुबळीच्या संघाने या दुरुस्तीला जाहीर विरोध केला. देशभरातील कोट्यवधी घरांना इतक्या थोड्या दिवसांत खादीचे ध्वज पुरवणे अशक्य होते, ही सरकारची बाजूही दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

आम्ही या प्रश्नाकडे दोन मनांनी पाहतो. पंचवीस रुपयांचा ध्वज पठारावरच्या दूरदूरच्या टोल्यांपर्यंत गेला, आणि जेथे पूर्वी फक्त शाळेवर आणि ठाण्यावर झेंडा दिसे तेथे कुडाच्या भिंतीवरही तो दिसला. ही गोष्ट आनंदाचीच आहे. जे लोक खादीचा ध्वज विकत घेऊच शकत नव्हते, त्यांना खादीच्या पावित्र्याचे धडे देणे आमच्याने होणार नाही. तरीही घाईत छापलेल्या ध्वजांत चक्र एका बाजूस सरकलेले, पट्टे कमीजास्त, कडा न शिवलेल्या, अशा तक्रारी त्या वर्षी देशभर झाल्या. फाटलेला वा मळलेला ध्वज खाजगीत, शक्यतो जाळून, सन्मानाने नष्ट करावा असे संहिता सांगते. खादी जळून तिची राख होते. पॉलिएस्टर वितळतो आणि त्याचा काळा गोळा होतो. त्यात सन्मान कसा राखावयाचा हे कोणी सांगितले नाही. १६ ऑगस्टनंतर त्या ध्वजांचे काय करावे, हा प्रश्न घरोघर पडला आणि बहुतेकांनी घडी घालून ट्रंकेत ठेवून तो पुढे ढकलला.

आमचा खरा आक्षेप मात्र वेगळा आहे. ज्या ध्वजावर अक्षर लिहिता येत नाही, त्याचे कापड हीच त्याची भाषा होती. १९२३ साली सरकारला त्या झेंड्याची चीड आली ती केवळ रंगांमुळे नव्हे. त्यावर चरखा होता आणि चरख्याच्या मागे मँचेस्टरचे कापड नाकारणारा माणूस होता. १९४७ मध्ये चरख्याचे चित्र गेले तेव्हा निदान त्याचे सूत उरले. आता सूतही ऐच्छिक झाले. जी दुरुस्ती वर्धापनदिनाच्या नावाने झाली तिनेच वर्धापनाच्या मुळाशी असलेली खूण पुसट केली, असे आम्हांस वाटते. कोणाला हे म्हणणे जुनाट वाटेल. तसे वाटले तरी आमची हरकत नाही.

याला उपाय म्हणून दोन साध्या गोष्टी सुचवतो. एक, कायद्याला आता यंत्राचे कापड चालत असेल, तर वारासिवनीच्या हातमागाचे सुती कापड का चालू नये, हा प्रश्न आपल्या जिल्ह्यातील संस्थांनी योग्य त्या ठिकाणी लेखी विचारावा. हातकताईचे सूत मिळवून तेथील विणकर ध्वजाचे कापड काढू शकतील का, याची चाचपणीही करता येईल. २०४७ च्या शताब्दीला अजून वेळ आहे, आणि माग शिकण्यास व परवाना मिळवण्यास वेळ लागतोच. दुसरी गोष्ट प्रत्येक घराच्या हातातील आहे. दरवर्षी नवा स्वस्त ध्वज घेण्याऐवजी चार घरांनी मिळून एक खादीचा घ्यावा, ग्वाल्हेरचा किंवा नांदेडचा. ९०० बाय ६०० मिलिमीटरचे माप घरावर लावण्यास पुरेसे होते. घेताना चक्र मोजून पाहावे, या मापात त्याचा व्यास १८५ मिलिमीटर असतो. काठीकडची पट्टी जाड विणीची आहे ना, आरे चोवीस आहेत ना आणि ते दोन्ही बाजूंनी एकमेकांवर येतात ना, हे दुकानातच उजेडाकडे धरून तपासावे. मुले बरोबर असतील तर मोजण्याचे काम त्यांना द्यावे. आणि मोजता मोजता नागपूरच्या त्या रस्त्याची गोष्ट त्यांना मराठीतून सांगावी.